वॉट स्वस्त, पण वर्षं किती?

प्रश्न : आमचं काशीदला घर आहे आणि मागे नारळ-सुपारीची लहानशी वाडी. घराला लागून चार खोल्या काढून ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ चालवतो. पंखे, फ्रीज, पाण्याचा पंप यांचं उन्हाळ्यातलं बिल आता झेपत नाही, म्हणून छपरावर ३ किलोवॉटचं सोलर बसवायचं ठरवलं आहे. एका दुकानदाराने ५४० वॉटच्या सहा नव्या प्लेटांचा भाव वॉटमागे २५ रुपये सांगितला. पनवेलच्या बाजूला जुन्या प्लेटा मिळतात : २०१४ सालच्या, २५० वॉटच्या, एक प्लेट २,२५० रुपयांना. म्हणजे वॉटमागे ९ रुपये. मुलगा म्हणतो, जवळजवळ तिपटीचा फरक आहे, डोळे झाकून जुन्या घेऊ. फॅब्रिकेशनवाला प्लेटांच्या क्षेत्रफळावर चौरस फुटाला १६० रुपयांनी स्टँड करून देतो. नव्या-जुन्या प्लेटांची अशी वॉटच्या भावावर तुलना करणं बरोबर आहे का?

— एक वाचक, काशीद (ता. मुरुड, जि. रायगड)

उत्तर : ताई, म्हशीच्या बाजारात गेलेला माणूस दोन प्रश्न विचारतो. आज दूध किती देते, हा पहिला. कितवं वेत आहे, हा दुसरा. पहिल्या उत्तरावर कुणी पैसे मोजत नाही; सौदा ठरतो तो दुसऱ्यावर. तुमच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला आहे आणि त्याचं उत्तरही बरोबर काढलं आहे. दुसरा अजून विचारायचा राहिला आहे. तो विचारला की ९ आणि २५ हे आकडे वेगळेच दिसायला लागतात. तुम्ही दिलेलेच भाव धरून हिशेब मांडू, म्हणजे उद्या भाव बदलले तरी तोच हिशेब तुम्हाला पुन्हा करता येईल.

छापलेला वॉट आणि छपरावरचा वॉट

प्लेटेच्या पाठीवर ‘२५० वॉट’ छापलेलं असतं, ते एका ठरावीक परिस्थितीतलं मोजमाप असतं. चौरस मीटरला १,००० वॉट इतका प्रखर प्रकाश आणि प्लेटेतल्या सेलचं तापमान २५ अंश. जगभरच्या कारखान्यांत हीच अट पाळतात, म्हणून दोन प्लेटांची तुलना करता येते. पण काशीदच्या छपरावर एप्रिलच्या दुपारी सेल २५ अंशांवर राहत नाहीत. हवा ३३-३४ अंश असली तरी प्लेट सहज ६० अंशांपर्यंत तापते. सिलिकॉनच्या प्लेटेची ताकद दर अंशामागे ०.३५ ते ०.४५ टक्का कमी होते. म्हणजे भर दुपारी बारा-पंधरा टक्के वीज उष्णतेतच जाते. हे नव्या आणि जुन्या दोघींच्याही बाबतीत घडतं, जुनीच्या बाबतीत किंचित जास्त. त्यामुळे इथे फार फरक पडत नाही.

फरक पडतो तो वयामुळे. छापील २५० वॉट २०१४ साली कारखान्यातून निघतानाचे आहेत. त्यानंतर दर वर्षी थोडी थोडी ताकद कमी होत गेली. जगभरच्या मोजमापांचा आढावा घेणाऱ्या अमेरिकी अभ्यासात ही घट वर्षाला साधारण अर्धा टक्का निघाली होती, आणि विक्रेते हाच आकडा सांगतात. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतल्या राष्ट्रीय सौर संशोधन केंद्राने २०१३ पासून काही वर्षांच्या अंतराने देशभर फिरून प्रत्यक्ष छपरांवरच्या आणि शेतांतल्या प्लेटा मोजल्या. त्यांना उष्ण भागातल्या प्लेटा थंड भागातल्यांपेक्षा लवकर थकलेल्या दिसल्या, आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा लहान छपरांवरच्या प्लेटांची स्थिती वाईट दिसली. मोठ्या प्रकल्पात खरेदीच्या वेळी तपासणी होते, बसवणारे हात सरावलेले असतात. घराच्या छपरावर तसं क्वचितच घडतं.

म्हणून २०१४ ची प्लेट आज छापील ताकदीच्या ८० टक्के देते असं धरू. २५० च्या जागी २०० वॉट. मग २,२५० रुपयांत २०० वॉट मिळाले. वॉटमागचा भाव ९ वरून ११ रुपये २५ पैसे झाला. पनवेलहून वडखळ-अलिबागमार्गे काशीदपर्यंतचा टेम्पो, चढवणं-उतरवणं आणि एखादी फुटली तर तिची भर, असे प्लेटेमागे ३०० रुपये धरले तर भाव १२ रुपये ७५ पैशांवर येतो. तरीही हा नव्याच्या निम्माच आहे. इथपर्यंत तुमचा मुलगा जिंकतो.

स्टँडवाला वॉट मोजत नाही, फूट मोजतो

आता मिस्त्रीचं कोटेशन पाहा. तो चौरस फुटावर पैसे घेतो. लोखंड, पाइप, क्लॅम्प, नटबोल्ट आणि मजुरी यांना प्लेटेच्या वॉटशी देणंघेणं नसतं. जागा जितकी, तितका खर्च.

जुनी २५० वॉटची प्लेट साधारण साडेसतरा चौरस फुटांची असते. खरे ३,००० वॉट हवे असतील तर अशा १५ लागतील, म्हणजे २६४ चौरस फूट. नवी ५४० वॉटची प्लेट जवळजवळ २८ चौरस फुटांची. सहा प्लेटा १६६ चौरस फुटांत बसतात आणि ३,२४० वॉट देतात. वजनही बघा. १५ जुन्या प्लेटा मिळून पावणेतीनशे किलोंच्या पुढे जातात, सहा नव्या पावणेदोनशेच्या आत राहतात. कौलारू किंवा पत्र्याच्या छपराखालचे वासे हे वजन वर्षानुवर्षं पेलणार आहेत, वाऱ्यासकट.

मांडणी अशी होते :

जुन्या प्लेटा : १५ प्लेटांचे ३३,७५० रुपये, वाहतुकीचे ४,५०० रुपये, स्टँडचे ४२,२४० रुपये. एकूण ८०,४९० रुपये. खरे वॉट ३,०००. वॉटमागे २६ रुपये ८३ पैसे.

नव्या प्लेटा : सहा प्लेटांचे ८१,००० रुपये (घरपोच), स्टँडचे २६,५६० रुपये. एकूण १,०७,५६० रुपये. वॉट ३,२४०. वॉटमागे ३३ रुपये २० पैसे.

इन्व्हर्टर, वायरिंग, अर्थिंग आणि वीज पडण्यापासूनचं संरक्षण दोन्हीकडे जवळपास सारखंच लागतं, म्हणून ते वेगळं ठेवलं. नऊ आणि पंचवीस अशी तिपटीची वाटलेली दरी सत्तावीस आणि तेहेतीस इतकी उरली. प्लेटा स्वस्त मिळाल्या, पण त्यातून वाचलेल्या पैशांतला मोठा भाग त्यांना बसवायला लागणाऱ्या जागेने खाल्ला.

कितवं वेत?

आता दुसरा प्रश्न. हे वॉट किती वर्षं मिळणार?

चांगल्या नव्या प्लेटेला २५ वर्षांची कामगिरीची हमी असते. वर्षाला ०.७ टक्का घट धरली तर २५ वर्षांची सरासरी मूळ ताकदीच्या ९१ टक्के पडते. जुन्या प्लेटेने काशीदच्या हवेत आणखी १० वर्षं काढावीत अशी अपेक्षा ठेवू. हीही उदार अपेक्षा आहे. वर्षाला १ टक्का घट धरली तर तिची सरासरी ९५ टक्के.

महावितरण सर्वसाधारणपणे एका किलोवॉटला महिन्याला १२० युनिट धरतं. कोकणातला लांब पावसाळा लक्षात घेऊन आपण थोडं कमी धरू : एका वॉटमागे वर्षाला १.३ युनिट. मग जुना एक वॉट दहा वर्षांत सव्वाबारा युनिटांच्या थोडं वर वीज देईल. नवा एक वॉट पंचवीस वर्षांत साडेएकोणतीस युनिट. वर काढलेल्या खर्चाला यांनी भागलं की जुन्या प्लेटांची वीज युनिटला २ रुपये १७ पैसे पडते आणि नव्यांची १ रुपया १२ पैसे.

ज्या प्लेटा एक-तृतीयांश भावात मिळत होत्या, त्यांची वीज जवळजवळ दुप्पट महाग निघाली.

याच्याही पुढची एक गोष्ट या हिशेबात दडलेली आहे. समजा पनवेलच्या माणसाने त्या १५ प्लेटा तुम्हाला फुकट दिल्या आणि वाहतूकही त्यानेच केली. तरी स्टँडचे ४२,२४० रुपये तुमचेच. ते ३,००० वॉटवर आणि दहा वर्षांवर वाटले तर युनिटला १ रुपया १४ पैसे होतात. म्हणजे तुमच्या छपरावर, तुमच्या मिस्त्रीच्या दराने, फुकटची जुनी प्लेटसुद्धा विकतच्या नव्या प्लेटेपेक्षा स्वस्त पडत नाही. प्लेट ही या सगळ्यातली सर्वांत महाग वस्तू होती, तेव्हा तिच्यावर पैसे वाचवणं शहाणपणाचं होतं. आज लोखंड, मजुरी आणि छपरावरची जागा यांचाही वाटा मोठा झाला आहे. २०१४ च्या सुमाराला जागतिक बाजारात प्लेट वॉटमागे पाऊण डॉलरच्या आसपास होती. २०२४ मध्ये चिनी कारखान्यांतून ती दहा सेंटांच्या जवळ मिळत होती. लोखंड त्या प्रमाणात स्वस्त झालेलं नाही.

या हिशेबाच्या दोन उण्या बाजू प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, दहा वर्षांनी जुन्या प्लेटा उतरवल्यावर स्टँड भंगारात जाणार नाही. चांगल्या लोखंडाचा असेल तर थोडा बदल करून त्यावर नव्या प्लेटा बसतील. दोन, आज खर्च केलेला रुपया आणि वीस वर्षांनी मिळणारी वीज यांची किंमत सारखी नसते. तुम्ही बचत गटाचं किंवा बँकेचं कर्ज काढणार असाल आणि व्याज १० टक्के धरलं, तर दुपटीची तफावत पाचव्या हिश्शाच्या आत येते. पण तेव्हाही पारडं नव्याकडेच झुकलेलं राहतं.

खारा वारा प्लेटेचं काय करतो?

दहा वर्षांची अपेक्षा उदार का म्हटलं, ते सांगतो. सातारा-सांगलीकडच्या छपरावर मी ती जास्त खात्रीने ठेवली असती.

प्लेट ही पुरणपोळीसारखी थराथरांची असते. वर काच, मग चिकट पारदर्शक थर, त्यात सेल, पुन्हा चिकट थर आणि पाठीवर प्लॅस्टिकचा पडदा. काचेतून पाणी जात नाही, पण पाठीच्या पडद्यातून दमट हवा वर्षानुवर्षं किंचित किंचित आत शिरते. त्या चिकट थराला ऊन आणि ओल एकत्र लागली की त्यातून हळूहळू ॲसिटिक आम्ल तयार होतं. व्हिनेगरमध्ये असतं तेच. हे आम्ल सेलवरच्या चांदीच्या बारीक रेघा आणि त्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांचे टाके कुरतडतं. वीज तयार होते, पण बाहेर येताना वाटेतच अडते. समुद्रकाठच्या हवेतलं मीठ यात भर घालतं : पाठीवरच्या जंक्शन बॉक्समधली टर्मिनल गंजतात, ॲल्युमिनियमच्या चौकटीला साधे लोखंडी बोल्ट लावले असतील तर दोन धातूंच्या सांध्यावर झीज वेगाने होते, आणि काचेवर मिठाचा धुरकट थर बसतो.

म्हणून किनाऱ्यावर नवी प्लेट घेतानाही दुकानदाराला एक प्रश्न विचारा : या मॉडेलची आयईसी ६१७०१ ही खाऱ्या फवाऱ्याची चाचणी झाली आहे का? चांगल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात ते छापलेलं असतं. दोन्ही बाजूंनी काच असलेली प्लेट थोडी जड आणि थोडी महाग असते, पण तिच्यात ओल शिरायला वाट कमी, म्हणून समुद्रकाठी ती जास्त टिकाऊ ठरते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आणि स्टँड गरम जस्तात बुडवून काढलेला हवा. नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका.

सगळ्याच जुन्या प्लेटा वाईट असतात असं मात्र मुळीच नाही. स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे १९८२ साली १० किलोवॉटचा एक लहान प्रकल्प उभा राहिला. युरोपात विजेच्या जाळ्याला जोडलेला तो पहिला. पस्तीस वर्षांनी संशोधकांनी त्याच्या प्लेटा उतरवून मोजल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणी मूळ ताकदीच्या ८० टक्क्यांहून जास्त वीज देत होत्या. पण त्याच कंपनीच्या, त्याच छपरावरच्या काही प्लेटा फारच थकल्या होत्या. फरक निघाला तो आतल्या चिकट थराच्या बनावटीत. प्लेटेचं आयुष्य तिच्या पोटात ठरतं आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणूनच जुन्याच्या भावात अज्ञानाची किंमतही धरावी लागते.

वारा आणि वादळ

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, ते तुमच्या वाडीने पाहिलेलं आहे. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात पोफळी आडव्या झाल्या, पत्रे उडाले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. प्लेट वाऱ्याला शिडासारखी असते. १६६ चौरस फुटांचं शीड आणि २६४ चौरस फुटांचं शीड यांवरचा ताण सारखा नसतो. शिवाय जुन्या प्लेटा एकदा कुठल्या तरी छपरावरून उतरवलेल्या असतात. त्या उतरवताना, ट्रकात रचताना चौकटी वाकतात, सेलना डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. त्या चिरा पुढच्या प्रत्येक सोसाट्याच्या वाऱ्यात रुंदावतात.

वादळावरूनच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती बहुतेकांना बसवून झाल्यावर कळते. महावितरणच्या लाइनला जोडलेलं बिनबॅटरीचं सोलर, लाइन गेली की आपोआप बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तशी रचना असते. तेव्हा लाइट गेल्यावरही दोन पंखे आणि फ्रीज चालायला हवे असतील, तर बॅटरीची सोय असलेला इन्व्हर्टर आधीच मागा.

सरकारी मदतीचं गणित

तुमच्या प्रश्नाचा निकाल लावायला खरं तर हा एकच मुद्दा पुरेसा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’त घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. ३ किलोवॉटला एकूण ७८,०००. अट अशी की प्लेटा नव्या, भारतात बनलेल्या सेलच्या आणि सरकारी यादीतल्या असाव्यात. जुन्या प्लेटांना यातला एक रुपयाही नाही. नव्या प्लेटांचे तुमचे ८१,००० आणि अनुदानाचे ७८,००० शेजारी शेजारी ठेवून पाहा.

मात्र ही मदत घरगुती दराच्या मीटरला आहे. तुमच्या खोल्यांचं मीटर व्यापारी दराचं असेल तर त्यावर ती मिळणार नाही. घराचं आणि खोल्यांचं मीटर वेगळं असेल तर आधी घराच्या मीटरवर अर्ज करा. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवरून होतो आणि नेट मीटर महावितरण बसवतं. बसवणारा मात्र नोंदणी असलेलाच हवा. योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. सप्टेंबर २०२५ पासून प्लेटांवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कोटेशनमध्ये जुना दर लावलेला नाही ना, ते पाहून घ्या.

मग जुनी प्लेट घ्यावी तरी कधी?

जिथे स्टँड करावाच लागत नाही, तिथे. तुमच्या वाडीतल्या विहिरीवर लहान डीसी पंप बसवायचा असेल आणि पंपाच्या खोलीच्या पक्क्या स्लॅबवर किंवा चिऱ्याच्या कठड्यावर दोन प्लेटा टेकवून घट्ट बांधता येत असतील, तर चित्र पालटतं. दोन जुन्या प्लेटा घरपोच ५,१०० रुपयांना येतील. एक नवी ५४० ची १३,५०० रुपयांना. जुन्यांच्या जोडीने ४०० वॉट दिले तरी पोफळीला पाणी द्यायला लहान पंपाचं काम भागेल. दर युनिटचा हिशेब इथेही नव्याच्या बाजूने थोडासा झुकतो, पण आज खिशातून जाणारे पैसे निम्म्याहून कमी आहेत आणि प्लेट बंद पडली तरी नुकसान लहान आहे. अंगणातला दिवा किंवा वादळाच्या रात्रींसाठी एखादी बॅटरी भारायला ठेवलेली प्लेट, अशाही कामांना जुनी चालते. कामं लहान, एकेकटी आणि महावितरणच्या लाइनला न जोडलेली असावीत.

पंधरा जुन्या प्लेटा एका ओळीत जोडण्याचं काम मात्र टाळा. ओळीत जोडलेल्या प्लेटांमधून वाहणारा प्रवाह सर्वांत अशक्त प्लेट ठरवते. आणि अशा ओळीत पाचशे व्होल्टच्या वर डीसी दाब तयार होतो. या दाबाची ठिणगी आपल्या घरच्या विजेसारखी चटकन विझत नाही. जुन्या, सैल कनेक्टरमध्ये ती पेटत राहते आणि खाली वासे असतात.

जुनी प्लेट बघायला जाताना

दोन प्लेटांसाठी पनवेलला जाणार असाल, तर मुलासोबत वायरमनला न्या आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी साडेअकरा ते दोनच्या मध्ये जा. ढगाळ दिवशी सगळ्याच प्लेटा सारख्या वाटतात.

आधी पाठीवरचं लेबल वाचा. मॉडेल, सीरियल नंबर, वॉट, व्होल्ट, अँपिअर यांतलं काही खरवडलेलं असेल तर ती प्लेट तिथेच सोडा. मग पाठीच्या पडद्यावर बोट घासा. बोटाला पांढरी भुकटी लागली किंवा पडद्याला भेगा दिसल्या तर तो पडदा समुद्रकाठी टिकणार नाही. काचेखाली बुडबुडे, तपकिरी झाक, सेलवर गोगलगाय फिरल्यासारख्या रेघा, जळक्या ठिपक्यांच्या खुणा पाहा. जंक्शन बॉक्सचं झाकण वितळलेलं नाही ना, तेही बघा.

त्यानंतर मीटर लावा. साठ सेलच्या २५० वॉटच्या प्लेटेच्या लेबलवर उघड्या टोकांचा दाब ३७ व्होल्टच्या आसपास लिहिलेला असतो. तापलेल्या प्लेटेवर तो ३३ च्या जवळ दिसला तर घाबरू नका. उष्णतेने तो उतरतोच. पण २२ च्या आसपास दिसला तर एक-तृतीयांश प्लेट मेलेली आहे, कारण आतल्या तीन भागांपैकी एकाचा डायोड जळाला आहे. प्रवाह डीसी क्लॅम्प मीटरने मोजा आणि एकाच वेळी चार-पाच प्लेटा मोजून त्यांची आपसात तुलना करा.

एवढ्यावर मात्र थांबू नका. आतले टाके कुरतडले गेलेली प्लेटसुद्धा नुसत्या मीटरला चांगले व्होल्ट दाखवते. तिची परीक्षा कामाला जुंपल्यावरच होते. विक्रेत्याकडे एमपीपीटी चार्जर किंवा लहान इन्व्हर्टर असेल तर प्लेट त्याला जोडून किती वॉट येतात ते पाहा. कडक उन्हात तापलेल्या २५० च्या प्लेटेने १७० वॉटच्या खाली दिलं तर सोडून द्या. शेवटी मेगर, म्हणजे विजेचा अडथळा मोजणारं यंत्र, लावा. ओल्या प्लेटेची चौकट आणि तारा यांच्यातला अडथळा या आकाराच्या प्लेटेला किमान २५ मेगाओहम तरी यायला हवा. तो कमी असेल तर पावसात चौकटीला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. जो विक्रेता हे सगळं मोजू देतो, त्याच्याकडून घ्या. जो ‘गॅरंटी माझी’ म्हणून मोजमाप टाळतो, त्याच्याकडून परत या.

आणि मेल्यावर काय, हेही आत्ताच ठरवा. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर प्लेटांचा समावेश झाला आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहेत. जुन्या प्लेटांच्या टाक्यांत शिसं असतं. फुटलेल्या प्लेटा वाडीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवू नका. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जातील अशी व्यवस्था करा. जुनी प्लेट घेणाऱ्याच्या वाट्याला हे काम फार लवकर येतं.

थोडक्यात, घराच्या छपरावर सहा नव्या प्लेटा घ्या, शक्यतो दोन्ही बाजूंनी काच असलेल्या. दक्षिणेकडे तोंड करून साधारण १८ अंशांचा उतार द्या. नारळाच्या झावळीची सावली पडणार नाही अशी जागा निवडा, कारण एका झावळीच्या सावलीने प्लेटेचा तिसरा हिस्सा बंद पडतो. दिवाळीपासून पावसापर्यंत पंधरवड्याला एकदा भल्या सकाळी गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात ते काम आभाळ करतं. आणि मुलाचा पनवेलचा फेरा वाया घालवू नका. त्याला विहिरीच्या पंपासाठी दोन जुन्या प्लेटा आणायला पाठवा, मीटर आणि मेगर हातात देऊन. घासाघीस त्याला चांगली जमते. आता भावाच्या आधी त्याने वेत विचारावं, एवढंच त्याला सांगा.